चुंबक, नसा आणि दाजींची गादी

(सांगली येथे एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो, निमंत्रणपत्रिकेत ‘चुंबकीय क्षेत्राने मज्जातंतूंचे उद्दीपन’ असा विषय छापल्यामुळे सभागृहाच्या दारातच दोघांनी मला चुंबकीय गादीचा भाव विचारला. तेव्हा आधी गादीचा निकाल लावतो. पुढे वेळ कमी पडला तर दोष गादीचा समजावा.

विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या दाजींनी गुडघेदुखीवर अशी एक गादी घेतली. विकायला आलेल्या प्रतिनिधीने त्यांना हात आडवा धरायला सांगून तो मनगटापाशी खाली दाबला, मग गादीवर उभे करून पुन्हा दाबला, आणि या खेपेस हात खाली गेला नाही हा चुंबकाचा प्रताप असल्याचे जाहीर केले. दुसऱ्या वेळी त्याने कोपराजवळ दाबले होते, हे माझ्या बहिणीच्या नजरेतून सुटले नव्हते. पण घरातल्या बाईचे निरीक्षण प्रयोगात धरण्याची आपल्याकडे पद्धत नाही. गादीची किंमत सांगत नाही, कारण दाजी तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

स्थिर चुंबकाने नस, म्हणजे मज्जातंतू, उद्दीपित होत नाही, त्यासाठी क्षेत्र बदलावे लागते, असे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “अहो, मी रात्रभर कूस बदलतोच की!” या विषयावर मला आजवर विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज प्रवर्तित होते, हे फॅराडेने १८३१ मध्ये दाखवले. नसेला जागे करते ती ही वीज, आणि ती किती निर्माण होते हे क्षेत्र किती वेगाने बदलते यावर ठरते. उद्दीपनाच्या यंत्रात कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज तांब्याच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, एकदम सोडली जाते; क्षणभर हजारो अँपिअर प्रवाह वाहतो आणि सुमारे १०० मायक्रोसेकंदांत क्षेत्र शून्यावरून २ टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) चढते, म्हणजे बदलाचा वेग सेकंदाला सुमारे २०,००० टेस्ला. दाजींना कुशीवर वळायला निदान एक सेकंद लागतो आणि गादीचे क्षेत्र टेस्लाचा लहानसा अंशच असते; तेव्हा वेगातला फरक लाखो पटींचा झाला. मिरजेत एमआरआयसाठी रुग्ण १.५ टेस्लाच्या चुंबकात निवांत पडून राहतो, तेही याच कारणाने. तपासणीत कोणाला अंग फडफडल्यासारखे वाटलेच, तर ते त्याच यंत्रातल्या, भराभर बदलणारे क्षेत्र निर्माण करणाऱ्या ‘ग्रेडियंट’ नावाच्या वेगळ्या कॉइलमुळे, मोठ्या चुंबकामुळे नव्हे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे मुख्य विषय आता धावतच सांगावा लागेल. बिकफर्ड आणि फ्रेमिंग या संशोधकांनी १९६५ मध्ये बेडूक, ससा आणि माणूस यांच्या हातापायांच्या नसा अशा क्षणिक चुंबकीय स्पंदांनी उद्दीपित केल्या. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये नसांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, तर १९८५ मध्ये मेंदूवर तेच करून दाखवले. पुढे सगळी प्रसिद्धी मेंदूने नेली, याची मला खंत आहे.

इलेक्ट्रोडने दिलेला प्रवाह त्वचेपाशी सर्वाधिक दाट असतो, म्हणून शॉक झोंबतो. चुंबकीय क्षेत्र मात्र कातडी, चरबी आणि हाडे यांतून विनाअडथळा जाते, त्यामुळे त्वचेला स्पर्श न करता, अगदी कपड्यांवरूनही, त्रास पुष्कळ कमी होऊन काम होते. मानेमागे कॉइल धरून श्वासपटलाची नस उद्दीपित करता येते, आणि लघवीवरचा ताबा सुटलेल्यांसाठी बैठकीत कॉइल बसवलेल्या खुर्च्याही निघाल्या आहेत.

तरीही एनसीव्ही तपासणीसाठी, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजण्यासाठी, डॉक्टर आजही इलेक्ट्रोडच घेतात. सरळ जाणारी लांब नस वीजक्षेत्र सर्वांत जोरकस असते तिथे नव्हे, तर नसेच्या दिशेने ते सर्वांत झपाट्याने बदलते तिथे उद्दीपित होते. नस वळली किंवा कॉइल तिरकी झाली की ती जागा सरकते, आणि नेमके अंतर मोजल्याशिवाय नसेतल्या संदेशाचा वेग काढता येत नाही. इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल वापरून ही अनिश्चितता कमी होते, पण संपत नाही. शिवाय अंतराबरोबर क्षेत्र झपाट्याने क्षीण होते, म्हणून खोलवरच्या नसेसाठी जोर वाढवावा लागतो आणि कॉइल तापते.

पेसमेकर किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी आतल्या कानात बसवलेले विद्युत उपकरण) बसवलेल्यांनी अशा यंत्राजवळ जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. दाजींचा हात वर झालेला दिसतो आहे, तेव्हा पहिला प्रश्न त्यांचा.