दहा दिवसांचा करार

(उन्हाळी बास्केटबॉल शिबिराच्या समारोपाला खेळाडू आणि पालकांसमोर दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवून संपादित केलेलं.)

नमस्कार मंडळी. मुलांनो, तुम्ही पुढे सतरंजीवर बसा, पालकांना खुर्च्या द्या.

दरवर्षी शिबिराच्या शेवटच्या दिवशी कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन विचारतं, "सर, आमच्या मुलाला पहिल्या पाचात कधी घेणार?" प्रश्न मायेपोटी असतो, म्हणून मला त्याचा राग येत नाही. पण पाचजण कोर्टवर आणि सातजण बेंचवर, हे या खेळाचं गणित आहे. त्या सात जणांबद्दल आपण फार कमी बोलतो. म्हणून आज मी जॉर्डनबद्दल बोलणार नाही, कोबीबद्दलही नाही. मी केव्हिन ऑली या माणसाबद्दल बोलणार आहे. हे नाव ऐकलेल्यांनी हात वर करा. दोन. ठीक आहे, दोनही पुष्कळ झाले.

ऑलीचा जन्म 1972 चा, टेक्सासमधल्या डॅलसचा. वाढला मात्र लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात. तिथल्या क्रेनशॉ हायस्कूलकडून खेळला आणि 1991 मध्ये देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कनेटिकट विद्यापीठात गेला. तिथे जिम कॅल्हून नावाचे अतिशय कडक प्रशिक्षक होते. ऑली पॉइंट गार्ड झाला. मुलांना माहीत आहे, पालकांसाठी सांगतो: पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणणारा, कोणी कुठे उभं राहायचं हे बोलून सांगणारा, संघाचा कारभारी. ऑली फार उंच उडत नसे, लांबून फार नेमही लागत नसे. चेंडू सांभाळायचा, समोरच्याला चिकटून राहायचं आणि वेळेवर पास द्यायचा, हीच त्याची जमेची बाजू.

त्या काळातला एक प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. 1994 साल. कॉलेज संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत कनेटिकट विरुद्ध फ्लोरिडा. बरोबरी झालेली, साडेतीन सेकंदांहून कमी वेळ उरलेला, आणि कनेटिकटचा सर्वोत्तम खेळाडू डॉनयेल मार्शल फ्री थ्रोच्या रेषेवर. फ्री थ्रो म्हणजे समोरच्यानं फाउल केल्यावर अडवणुकीशिवाय मिळणारी फेक, एका गुणाची. दोन संधी. एक जरी गेला असता तरी सामना जवळपास खिशात होता. दोन्ही हुकले. सामना जादा वेळेत गेला आणि कनेटिकट हरलं. त्या संघात ऑली होता.

1995 मध्ये त्याचं कॉलेज संपलं. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, निवडीच्या दोन फेऱ्या झाल्या, त्याचं नाव कुणीच पुकारलं नाही. मग तो खालच्या लीगमध्ये, कनेटिकट प्राइड नावाच्या संघाकडून खेळू लागला. एनबीएचा दरवाजा उघडला तो 1997 मध्ये, डॅलसकडून, आणि तोही जेमतेम किलकिला.

आता दहा दिवसांचा करार म्हणजे काय ते सांगतो, कारण या माणसाचं आयुष्य त्याशिवाय कळणार नाही. एनबीएचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो. 5 जानेवारीपासून संघांना मुभा असते की बाहेरचा एखादा खेळाडू दहा दिवसांसाठी घ्यायचा. दहा दिवस किंवा तीन सामने, यांतलं जे जास्त भरेल ते. असे दोनच करार एका संघाला एका हंगामात एका खेळाडूशी करता येतात. त्यानंतर एकतर हंगाम संपेपर्यंत ठेवा, नाहीतर सोडा. म्हणजे तुम्ही एका अनोळखी शहरात उतरता. संघाची आखणी, सगळे प्ले, तुम्हाला दोन दिवसांत पाठ करायचे असतात. संघ दौऱ्यावर असेल तर सराव जवळजवळ होतच नाही. कदाचित एका सामन्यात चार मिनिटं मिळतील, कदाचित एकही नाही. अकराव्या दिवशी बॅग भरलेली असलेली बरी.

ऑलीनं हे वारंवार केलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो ना आपण, तसं. डॅलस, ऑरलँडो, सॅक्रामेंटो, फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, पुन्हा फिलाडेल्फिया, शिकागो, इंडियाना, मिलवॉकी, सिएटल, क्लीव्हलँड, तिसऱ्यांदा फिलाडेल्फिया, मिनेसोटा आणि शेवटी ओक्लाहोमा सिटी. तेरा हंगाम! सरासरी म्हणाल तर सामन्याला चार गुणही नाहीत.

त्यातले दोन व्यवहार मी मुद्दाम सांगतो. फेब्रुवारी 2002 मध्ये शिकागोनं रॉन आर्टेस्ट, ब्रॅड मिलर, रॉन मर्सर आणि केव्हिन ऑली यांना इंडियानाकडे पाठवलं आणि जेलन रोझला आणलं. बरोबर एका वर्षानं, फेब्रुवारी 2003 मध्ये, मिलवॉकीनं रे ॲलनला सिएटलला धाडून गॅरी पेटनला घेतलं, तेव्हा ॲलनबरोबर ऑलीलाही जावं लागलं. हा रे ॲलन म्हणजे कॉलेजातला त्याचाच सोबती, पुढे जगातल्या सर्वोत्तम नेमबाजांपैकी एक. अमेरिकेतल्या सगळ्या क्रीडापानांवर ॲलन आणि पेटन हीच बातमी होती. ऑलीचं नाव यादी पूर्ण करण्यापुरतं. पण घर तर त्यालाही बदलावं लागलं ना? मुलांच्या शाळा, भाड्याचं घर, गाडी, सगळं फेब्रुवारीच्या थंडीत. मला हा तपशील कुठल्याही विक्रमापेक्षा जास्त सांगावासा वाटतो.

त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याला पहिल्यांदा लांबचा करार मिळाला, क्लीव्हलँडकडून पाच वर्षांचा. लेब्रॉन जेम्सचा तो पहिला हंगाम. एक हंगाम झाला आणि ऑलीची पुन्हा रवानगी, फिलाडेल्फियाला. करार पाच वर्षांचा होता, शहर मात्र एकाच वर्षाचं.

मग असा माणूस तेरा वर्षं टिकला कसा? ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही त्याला संघ परत परत का बोलावतात? माझं उत्तर माझ्या अनुभवातून आलेलं आहे. बेंचवरचा गार्ड कुणाच्याही जागी आत जाऊ शकतो, म्हणून त्याला पाचही जणांची कामं पाठ असावी लागतात. पहिल्या पाचातला आपलं काम नीट केलं की मोकळा. बेंचवरचा बसल्या बसल्या दोन्ही संघांचा सामना वाचत असतो. हे ज्याला जमतं तो सरावात नव्या मुलांना हळूच सांगू शकतो, "अरे, तुझा उजवा पाय आधी पडतोय, म्हणून तो तुला चुकवून जातोय." असं सांगणारा माणूस संघात असावा असं प्रत्येक कोचला वाटतं.

ओक्लाहोमा सिटीचंच बघा. 2008-09 मध्ये तो संघ 82 पैकी 23 सामने जिंकला होता. पुढच्या हंगामात 50. केव्हिन ड्युरंट आणि रसेल वेस्टब्रूक एकविशीत, जेम्स हार्डन वीस वर्षांचा, पहिल्याच वर्षाचा. त्या पोरांमध्ये सदतिशीचा ऑली. संघ सुधारला तो अर्थातच त्या तिघांच्या गुणवत्तेमुळे, ऑली तर फार थोडे सामने खेळला. पण ड्युरंटनं पुढे एका मुलाखतीत सांगितलं की संघाची वागण्याची, सरावाची रीत बदलण्यात ऑलीचा मोठा वाटा होता. ज्या मुलाखतीत स्वतःबद्दल कितीही बोलता आलं असतं, तिथे ड्युरंटसारख्या खेळाडूनं बेंचवरच्या माणसाचं नाव घ्यावं, यात बरंच काही आलं.

2010 मध्ये खेळणं थांबलं आणि तो कनेटिकटला परतला, कॅल्हून यांचा सहायक म्हणून. सप्टेंबर 2012 मध्ये कॅल्हून निवृत्त झाले. तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला माणूस! आणि त्यांच्या जागी आलेल्या ऑलीला विद्यापीठानं दिला सात महिन्यांचा करार. करा काय ते, मग बघू. दहा दिवसांवर जगलेल्या माणसाला सात महिने म्हणजे चैनच वाटली असेल.

वर संघाची अवस्था अशी की खेळाडूंच्या अभ्यासातल्या निकालांमुळे त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत खेळायलाच बंदी. चांगले खेळाडू एनबीएला किंवा दुसऱ्या कॉलेजांत निघून गेले. शबाझ नेपियर नावाचा गार्ड मात्र थांबला. ज्या हंगामाच्या शेवटी काहीच मिळणार नाही, त्यात मुलांना रोज पहाटे उठवायचं कसं? मी कोच आहे, मला या प्रश्नानं खरंच झोप लागत नाही. ऑलीनं पहिलाच सामना जिंकला, जर्मनीतल्या रामस्टाइन हवाई तळावर, बलाढ्य मिशिगन स्टेटविरुद्ध. त्या वर्षी तो संघ 20 सामने जिंकला आणि 10 हरला. वर्ष सरायच्या आत सात महिन्यांच्या कराराचा पाच वर्षांचा करार झाला.

आता 2014. मार्चच्या सुरुवातीला लुइव्हिलनं कनेटिकटला 33 गुणांनी धुतलं. 81-48. मी तो निकाल पाहून म्हटलं होतं, संपला यांचा हंगाम. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना सातवं मानांकन मिळालं आणि सातव्या मानांकनाच्या संघानं तोवर ही स्पर्धा कधीच जिंकली नव्हती. पहिल्याच सामन्यात सेंट जोसेफ्सनं त्यांना जवळजवळ घरी पाठवलं होतं. मिनिटभराहून कमी वेळ असताना अमिदा ब्रिमा या घानाहून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलानं बास्केट केली, वर फाउल मिळाला, आणि त्यानं तो फ्री थ्रो घातला. 70-70. जादा वेळेत सामना जिंकला. पुढे व्हिलानोव्हा, आयोवा स्टेट. मग मिशिगन स्टेटविरुद्ध नेपियरला तीन गुणांच्या फटक्यावर फाउल मिळाला, तीस सेकंद राहिलेले, त्यानं तिन्ही घातले. त्या सामन्यात कनेटिकटचे 22 पैकी 21 फ्री थ्रो आत गेले.

मुलांनो, उठा जरा, रेषेकडे बघा. रेषेपासून बोर्ड साधारण 4.6 मीटर. रिंग 3.05 मीटर उंच, पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद. चेंडू तिच्या निम्म्याहून थोडा मोठा. समोर हात घालणारा कुणी नाही. घाईही नाही, त्यांच्या कॉलेज खेळात तर दहा सेकंद मिळतात. अख्ख्या खेळात ही एकच जागा अशी आहे जिथे उंची, वेग, ताकद, कशाचाच उपयोग नाही. पाय लावायचे, दोनदा टप्पा द्यायचा, श्वास सोडायचा, कोपर रिंगच्या रेषेत, बोटं शेवटपर्यंत खाली. दहा दिवसांच्या करारावर आलेला खेळाडू याच गोष्टींवर भाकरी मिळवतो, कारण बाकीच्या बाबतीत समोरचे त्याच्यापेक्षा सरस असतात. हे तो त्या पोरांपर्यंत कसं पोचवू शकला असेल ते मला कळतं.

उपांत्य फेरीत समोर कोण, तर फ्लोरिडा. वीस वर्षांपूर्वीचं तेच नाव. या वेळी 63-53. आणि 7 एप्रिलला अंतिम सामना टेक्सासमध्ये, आर्लिंग्टनला. म्हणजे ऑलीच्या जन्मगावाच्या शेजारी. 79,000 वर प्रेक्षक. समोर केंटकी, बहुतेक सगळे पहिल्या वर्षाचे पण एनबीएच्या वाटेवरचे खेळाडू. कनेटिकट 60, केंटकी 54. आता आकडे नीट ऐका. केंटकीला 24 फ्री थ्रो मिळाले, त्यांनी 13 घातले. कनेटिकटला 10 मिळाले, त्यांनी दहाच्या दहा घातले. सहा गुणांनी जिंकलेला सामना आहे हा!

इथे थांबलो तर टाळ्या मिळतील, पण मग मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. विजेतेपदानंतर उतरती कळा लागली. 2016-17 मध्ये महत्त्वाचे खेळाडू सुरुवातीलाच जायबंदी झाले, 16 विजय आणि 17 पराभव. पुढच्या वर्षी 14 आणि 18. मार्च 2018 मध्ये विद्यापीठानं त्याला काढलं, नियमभंगाचं कारण देऊन, म्हणजे उरलेल्या कराराचे पैसे न देता. 2019 मध्ये कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेनं, एनसीएएनं, त्याला दोषी धरून तीन वर्षांचे निर्बंध घातले. पण पैशांचा वाद लवादापुढे गेला आणि जानेवारी 2022 मध्ये लवादानं सांगितलं की विद्यापीठानं त्याला 1 कोटी 10 लाख डॉलरहून जास्त रक्कम द्यावी. नियम मोडल्याचा ठपका आहे, आणि काढण्याची पद्धत चुकल्याचा निर्णयही आहे. मी दोन्ही सांगतो, कारण आवडत्या माणसाबद्दल बोलताना नको ते गाळायची मला सवय लावून घ्यायची नाही.

दरम्यान तो अटलांटाला जाऊन सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना शिकवत होता. 2023 मध्ये ब्रुकलिन नेट्सकडे सहायक झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये नेट्सनं आपल्या मुख्य प्रशिक्षकाला हंगामाच्या मधेच दूर केलं आणि ऑलीला म्हणाले, उरलेला हंगाम तू बघ. हंगामी प्रशिक्षक. 28 सामने मिळाले, 11 जिंकले, 17 हरले, आणि उन्हाळ्यात कायमची जागा दुसऱ्याला दिली गेली.

नेट्सकडे तो आधीही राहून गेला होता, 2000 च्या हिवाळ्यात, खेळाडू म्हणून. तेव्हा ते न्यू जर्सीत होते. काही आठवडेच राहिला आणि पुन्हा फिलाडेल्फियाला गेला. त्याच हंगामात फिलाडेल्फिया एनबीएच्या अंतिम फेरीत पोचलं आणि बेंचवर ऑली होता.

चला, आता पाणी प्या. मग प्रत्येकी दहा फ्री थ्रो. सुरुवात बेंचवरच्यांपासून.