माटोळीचा फोटो

दृश्य : गोव्यातल्या वाळपईचा बसस्टँड, सकाळ. कदंब बसचा हॉर्न.

खिडकीला डोकं टेकून बसलेली ही मुलगी दहावीत आहे. रात्री दीडला तिने मोबाईल उशीखाली सारला. या वयात शरीराचं घड्याळ तसंही पुढे सरकतं, झोप उशिरा येते. गरज असते आठ ते दहा तासांची, आणि शाळेची बस काही कुणासाठी थांबत नाही.

मोबाईलवर ती काय बघत होती? गोवा! बागा, कळंगुट, हणजूण, मावळतीच्या उजेडात हसणाऱ्या पोरी. समुद्र तिच्या सत्तरी तालुक्यातून दीडेक तासावर. ती वर्षातून एखाद्या वेळी जाते, तेही घरच्यांसोबत. ‘सगळे गोव्यात मजा करतात, मीच तेवढी नाही,’ असं ती म्हणते. दिल्लीतल्या मुलीने हे म्हटलं असतं तर एक वेळ समजलं असतं.

दृश्य : अंगठा, वर सरकणारा पडदा.

पडद्याला तळ नाही. ही न संपणारी सरकपट्टी एझा रास्किन या अमेरिकी डिझायनरनी २००६ मध्ये रचली. पुढे त्याचा पश्चात्तापही त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवला. मोठ्या माणसालाही इथे थांबणं जमत नाही, मग पंधरा वर्षांच्या पोरीलाच का बोल लावायचा? २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख सरकारी डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी इशारा दिला : दिवसाला तीन तासांहून जास्त वेळ सोशल मीडियावर असणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट. मोबाईलमुळे मन खचतं, की खचलेलं मन मोबाईलकडे वळतं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. दोन्ही खरं असावं. एकट्या पडलेल्या एखाद्या मुलाला तिथेच जिवाभावाचा मित्र भेटतो, हेही आम्ही पाहिलं.

दृश्य : देवघर, गणपतीच्या वर बांधलेली माटोळी, म्हणजे रानातल्या फळाफुलांचं छत.

गेल्या गणेशचवथीला ती बाबांबरोबर रानात गेली. आंबाडे, तोरिंजन, सुपारीचे घोस गोळा केले. बाबा शिडीवर, ती खालून एकेक वस्तू देत होती. घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर आरती सुरू झाली आणि तिने माटोळीचा फोटो टाकला. आरती संपेस्तोवर कितीदा मोबाईल पाहिला, तिलाच आठवत नाही. लाइक्स आले नऊ. वर्गातल्या एकीच्या नव्या ड्रेसला दोनशेच्या वर.

त्या रात्री ती जेवली नाही. आईला वाटलं, उपासाने पित्त झालं असेल. मन खचलेल्यांसाठी सरकारच्या टेलिमानस मदतवाहिनीचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. पण नऊ लाइक्ससाठी कुणाला फोन करायचा, असं तिला वाटलं. लहानसं दुखणं सांगायचीच जास्त लाज वाटते.

फोटो तिने काढून टाकला. गॅलरीतूनही.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, ‘‘तो माटोळीचा फोटो मला पाठव गो, मुंबईच्या काकाला दाखवतो.’’