बोम्बोनेरा: जागाच नव्हती म्हणून

ही वरून दिसतेय ती अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्समधली ला बोका वस्ती. पत्र्याची रंगीबेरंगी घरं, बाजूला रियाचुएलो नदी, नदी म्हणायचं पण पाणी काळंकुट्ट, आणि घरांना अगदी खेटून हे निळं-पिवळं धूड. हीच बोम्बोनेरा, बोका ज्युनियर्स या फुटबॉल क्लबचं स्टेडियम. तीन बाजू छान वळल्यात आणि चौथी बघा, सुरीने कापल्यासारखी सरळ. कारण साधं आहे, जागाच नव्हती, पलीकडे लगेच रस्ता आणि लोकांची घरं.

गंमत म्हणजे कट्टर वैरी रिव्हर प्लेट, तोसुद्धा याच वस्तीत जन्मलेला क्लब. पण ते उत्तरेकडच्या पैशेवाल्या भागात गेले आणि १९३८ मध्ये ऐसपैस मोनुमेंताल स्टेडियम बांधून मोकळे झाले. बोकावाले काही हलले नाहीत. होता तेवढ्या तुकड्यात आर्किटेक्ट विक्तोर सुलचिच आणि इंजिनियर होसे लुइस देल्पिनी यांनी डोकं लढवलं, पसरता येत नाही ना, मग उंच जाऊ. २५ मे १९४० ला उद्घाटन, सान लोरेन्सोला २-० हरवून. तिसरा मजला नंतर, १९५३ मध्ये चढला. सुलचिचला कुणीतरी चॉकलेटचा डबा भेट दिला आणि तो हुबेहूब त्याच्या डिझाईनसारखा निघाला, म्हणून नाव पडलं बोम्बोनेरा, म्हणजे स्पॅनिशमध्ये चॉकलेटचा डबा, असं सांगतात. खरंखोटं जाऊ दे, नाव चिकटलं ते चिकटलंच. कागदावरचं नाव अल्बेर्तो होसे अर्मान्दो, पण ते कोण घेतंय!

आता स्टँडमध्ये या. उतार एवढा खडा की पुढच्या माणसाचं डोकं आपल्या गुडघ्याशी येतं. गोलच्या मागे 'ला दोसे', म्हणजे बारावा खेळाडू, हा बोकाच्या कट्टर चाहत्यांचा गट, तिथे खुर्च्या नाहीत, सगळं उभ्यानेच, आणि त्यांचे म्होरके मधल्या लोखंडी बारवर चढून, वरून सोडलेल्या लांबच लांब कापडी पट्ट्यांना धरून मॅचभर लोंबकळत असतात, मॅच कमी आणि पब्लिकच जास्त बघतात. सगळे एका ठेक्यात उड्या मारायला लागले की पायाखालचं काँक्रीट हलतं, खरोखर हलतं. बोकावाले म्हणतात, बोम्बोनेरा थरथरत नाही, धडधडते.

सरळ बाजूला मात्र श्रीमंतांचे बॉक्स. ते १९९६ मध्ये नव्याने बांधले, तेव्हा क्लबचा अध्यक्ष होता माउरिसिओ माक्री, जो पुढे २०१५ मध्ये थेट देशाचा अध्यक्ष झाला. मॅराडोनाचाही बॉक्स इथलाच, शर्ट काढून गरागरा फिरवत अर्धा बाहेर लटकलेला असायचा. १० नोव्हेंबर २००१ ची त्याची निरोपाची मॅचही याच मैदानावर, ते फुटेज तुम्ही पाहिलं असणार, सोडा.

खरी अडचण वेगळीच आहे. आत मावतात पन्नास-पंचावन्न हजार आणि क्लबचे मेंबर लाखांत. म्हणून 'आधेरेन्ते' नावाचा एक प्रकार आहे, दर महिन्याला फी भरायची आणि खरी मेंबरशिप मिळायची वाट बघत बसायचं, काही जण वर्षानुवर्षं. तिकडे मोनुमेंतालमध्ये आता ८० हजारांवर लोक बसतात, हे बोकावाल्यांना झोंबतंच. दुसरीकडे नवीन बांधा म्हटलं की लोक खवळतात, इथेच वाढवा म्हटलं की त्या सरळ बाजूची घरं विकत घ्यायला लागतात. प्लॅन कितीतरी आले आणि गेले.

घरं अजून तिथेच आहेत, आणि मॅचच्या दिवशी आतला आवाज सगळा त्यांच्या खिडक्यांवर आदळतो.