७.६६ मीटर आणि चौथ्या मिनिटाची घंटा

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि तोवर यवतमाळ जिल्ह्यातील या गावाच्या शाळेचे मैदान बहुधा चिखलाखाली गेलेले असते. येथील काळी माती उन्हाळ्यात हात शिरेल एवढ्या भेगा पाडते आणि पावसाळ्यात पायाला अशी चिकटते की दहा पावले चालणेही जड व्हावे. म्हणून या माहितीपटात ज्या मुलींना आपण धावताना पाहत आहात, त्या जुलैचा सराव गावाबाहेरील डांबरी रस्त्यावर, पहाटेची पहिली एसटी येण्याआधी उरकून घेतात.

शाळेत क्रीडाशिक्षकाचे पद रिकामे आहे. मैदान गणिताचे सर सांभाळतात, वादविवादाची तयारी मराठीच्या बाई करून घेतात, आणि दोघांच्या याद्यांत नावे मात्र तीच ती असतात. नववीतील जी मुलगी ४०० मीटर धावते, तीच पुढे व्यासपीठावर उभी राहते, कारण पाठवायला दुसरे कोणी नसते. चित्रीकरण सुरू केले तेव्हा आम्ही ही उणीव म्हणून टिपून ठेवली होती.

ऑगस्टमध्ये चार दिवसांची उघडीप मिळाली आणि सरांनी दोरी, खुंट्या आणि फक्कीची बादली घेऊन मैदान आखायला काढले. जागा जेमतेम २०० मीटरच्या फेरीची आहे. बाहेरच्या लेनमध्ये धावणाऱ्याला वळणावर जास्त अंतर पडते, म्हणून त्याला आरंभरेषेच्या पुढे उभे करावे लागते. पण किती पुढे, हा प्रश्न सरांनी मुलांनाच घातला. लेनची रुंदी १.२२ मीटर असते. दोन अर्धवर्तुळे मिळून एक पूर्ण वर्तुळ होते, त्यामुळे प्रत्येक लेनमागे त्रिज्या १.२२ मीटरने वाढली, तर एका फेरीमागे परीघ त्या वाढीच्या २π (π म्हणजे सुमारे ३.१४) पट, म्हणजे सुमारे ७.६६ मीटरने वाढतो. मैदान २०० मीटरचे असो की ४०० मीटरचे, हा आकडा बदलत नाही, कारण मूळ त्रिज्या वजाबाकीत उडून जाते. मुलांचा यावर विश्वास बसेना. सरांनी मग टेप हातात देऊन दोन्ही लेन मोजायला लावल्या, आणि त्या दिवसाची तालीम मोजणीतच संपली.

तालुक्याची स्पर्धा सहज पार पडली. जिल्ह्याची स्पर्धा ऑक्टोबरमध्ये आली आणि तेव्हाच सोयाबीनची सोंगणी ऐन भरात होती. सर घरी विचारायला गेले, तेव्हा मुलीच्या वडिलांनी नकार दिला नाही, ते एवढेच म्हणाले, “सर, पोरगी धावाले गेली त वावरात कोन जाईन?” शेवटी थोरली बहीण माहेरी आली होती, तिने दोन दिवस सांभाळून घेतले. शालेय स्पर्धांच्या तारखा शेताच्या कामाकडे पाहून लावता आल्या असत्या, असे आम्हाला त्या अंगणात बसून वाटले.

जिल्ह्याच्या मैदानावर पंच टेप धरून ४०० मीटरच्या आरंभखुणा तपासत होते. दुसऱ्या लेनला ७.०४ हा आकडा ऐकताच ही मुलगी थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तो ७.६६ हवा, असे म्हणाली. पंच हसले, पण त्यांनी उत्तर दिले. या ट्रॅकला आतल्या बाजूने उंच कड आहे. कडेला पाय लागू नये म्हणून पहिल्या लेनचे अंतर कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात आणि बाकीच्या लेनचे आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटरवर. त्या १० सेंटिमीटरमुळे पहिली तफावत ७.०४ होते आणि पुढच्या सगळ्या ७.६६ राहतात. शर्यतीत ती चौथी आली. गावच्या मैदानावर जरा वेग घेतला की वळण येते; येथे ८४ मीटरचा सरळ पट्टा समोर दिसल्यावर तिने तो जीव तोडून घेतला, आणि शेवटच्या ६० मीटरला पाय उचलेनासे झाले.

वादविवादाचा विषय होता स्वतंत्र विदर्भ राज्य, आणि आठ दिवस आधी टाकलेल्या चिठ्ठीत तिच्या वाट्याला विरोधी बाजू आली. वडील विदर्भवादी असल्याने घरात दोन दिवस अबोला होता. बाईंनी तिला आधी समोरच्यांची बाजू लिहायला लावली. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला नोकऱ्यांत आणि निधीत न्याय्य वाटा देण्याचे वचन दिले, १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, १९८४ मध्ये दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजून दाखवला. हे सारे तिने वहीत उतरवले. वक्तृत्वात पाठांतर खपते, वादविवादात नाही, असे बाईंचे म्हणणे. म्हणून तिने तालीम वावरात केली. कापूस वेचणाऱ्या बाया तिच्या प्रतिस्पर्धी झाल्या, आणि त्यांतल्या एका आजीने विचारले, “आपलं राज्य झालं त कापसाले भाव येईन का?”

स्पर्धेच्या दिवशी खंडनाच्या फेरीत तिने हाच प्रश्न अनुकूल बाजूपुढे टाकला. ते गडबडले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. नंतर परीक्षकांनी तोच प्रश्न उलटा करून तिला विचारला: राज्य वेगळे झाले नाही म्हणून तरी भाव कुठे आला? ती गप्प उभी राहिली. चौथ्या मिनिटाची पहिली, इशाऱ्याची घंटा झाली, पाचव्या मिनिटाची, वेळ संपल्याची दुसरीही झाली. तिला दुसरा क्रमांक मिळाला. परतीच्या एसटीत, अर्धा रस्ता सरल्यावर, ती एकदम बाईंकडे वळून म्हणाली की हमीभाव तर केंद्र सरकार जाहीर करते, मग राज्य एक असो की दोन, त्या भावाचा निर्णय दिल्लीतच व्हायचा. बाई म्हणाल्या, “हे तिथं बोलायचं होतं, बाई.”

आमचा उणिवेचा शेरा आम्ही खोडला तो याच प्रवासात. पंचाला आकडा विचारणारी आणि परीक्षकापुढे अडलेली मुलगी एकच होती, आणि दोन्हीकडे ती ऐकलेले उत्तर तपासून पाहत होती.

मार्चमध्ये मैदानावरची फक्की पुसली गेली आहे आणि माती पुन्हा तडकू लागली आहे. खेळसाहित्याच्या खोलीच्या दारावर आतून ऑइलपेंटने दोन आकडे लिहिलेले आहेत: कड नसेल तर ७.६६, कड असेल तर दुसऱ्या लेनला ७.०४. त्यांच्याखाली वेगळ्या अक्षरात, खडूने, एक ओळ आहे: “हमीभाव केंद्र ठरवते. घंटेच्या आधी बोलणे.”