सरासरी फूटपाथवरून कोणी चालत नाही

(ठाण्यातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सुरुवात एका गणिताने करू. पाचशे मीटरचा फूटपाथ आहे. त्यातले ४८० मीटर चांगले दोन मीटर रुंद, मोकळे. उरलेल्या २० मीटरांत एक डीपी बॉक्स (वीजवाटपाची पेटी), त्याला खेटून लावलेल्या चार स्कूटर आणि रसवंतीचा गाडा. चालायला जागा शून्य. आता सरासरी रुंदी काढा: १.९२ मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेत फूटपाथची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर दिली आहे. कागदावर फूटपाथ पास झाला. काठी टेकत येणाऱ्या आजी मात्र त्या गाड्यापाशी रस्त्यावर उतरतात, आणि मागून बस येत असते. बागेतल्या पाइपवर एका जागी पाय ठेवला की बाकीचा पाइप किती रुंद आहे याला अर्थ उरत नाही, तसंच हे.

रस्ता चालण्याजोगा आहे का हे ठरवण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. २००६ च्या सुमारास पुढे आलेला ग्लोबल वॉकेबिलिटी इंडेक्स त्यातला बराच वापरला जाणारा. त्यात फूटपाथची उपलब्धता, अडथळे, ओलांडण्याच्या जागा, वाहनचालकांची वागणूक, अपंगांसाठी सोय अशा नऊ कसोट्यांवर एक ते पाच गुण देतात. दोन रस्त्यांत आधी कोणता दुरुस्त करायचा, हे ठरवायला तो ठीक आहे. पण 'गुण ३.४' हे वाचून कुठला अभियंता कुठे कुदळ मारणार? त्यासाठी तुटलेली जागाच मोजावी लागते.

साहित्य फार नाही. पाच मीटरची टेप, खडू, मोबाइलमधलं घड्याळ, आणि एक चाकांची बॅग. बॅग हसण्यावारी नेऊ नका. रामनवमीची मिरवणूक असो की रोजची गर्दी, जिथे बॅग उचलावी लागते तिथे बाबागाडी अडते आणि व्हीलचेअर तर थांबतेच.

रस्त्याचे तुकडे चौकापासून चौकापर्यंत पाडा. दोन्ही बाजू स्वतंत्र मोजा, कारण राममारुती रोडसारख्या बाजारपेठेत डावी-उजवी कडा सारखी असेलच असं नाही. प्रत्येक तुकड्यात सर्वांत अरुंद जागा शोधून तिथे टेप लावा. भिंतीपासून कर्बपर्यंतचं (फूटपाथच्या रस्त्याकडच्या कडेपर्यंतचं) माप घेऊ नका, ते फसवं असतं. दुकानाच्या पायऱ्या, बाहेर मांडलेला माल, झाडाचा पार, खांब, गाड्यांचे हँडल हे सगळं वजा करून उरते ती मोकळी रुंदी. वरचीही उंची बघा: २.२ मीटरच्या खाली पाटी, ताडपत्री किंवा फांदी नको. अंध माणसाची काठी जमिनीवरचा अडथळा शोधते, कपाळाच्या उंचीवरची पाटी तिला कळत नाही.

फूटपाथच्या उंचीचा घोळ याहून जुना. कर्ब १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा. आपल्याकडे पाणी साचतं म्हणून फूटपाथ उंच करतात, मग प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी तो गाडीसाठी उतरवतात. शंभर मीटरांत चार गेटं म्हणजे आठ चढउतार. उतार एकास बारापेक्षा तीव्र झाला की व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा दम निघतो. उलटं करायला हवं: फूटपाथ सपाट पुढे जाऊ दे, गाडीने चढून उतरावं. गेटच्या तोंडाशी छोटा चढ आला की गाडीचा वेगही आपोआप पडतो.

पेव्हर ब्लॉक का खचतात, यावर वेळ घालवायला हवा, कारण दरवर्षी तेच बिल येतं. ब्लॉक सहसा फुटत नाही, खालची वाळू वाहून जाते. केबलसाठी चर खणला, माती थरांत न दाबता एकदम भरली, वरून ब्लॉक टाकले. पहिल्या दोन पावसांत तो पट्टा बसतो. कडेचा कर्ब सैल असेल तर ब्लॉक बाजूला सरकतात आणि सांधे उघडतात. माणसांसाठी साठ मिलिमीटरचे ब्लॉक पुरतात, पण टेम्पो चढणार असेल तर ऐंशी लागतात, किंवा टेम्पो चढू नये म्हणून बोलार्ड, म्हणजे बुटके खांब. दोन बोलार्डमध्ये किमान ९० सेंटिमीटर सोडा, नाहीतर टेम्पोबरोबर व्हीलचेअरही अडेल. खचलेलं पावसातच उघडं पडतं, म्हणून पाहणी पावसातही एकदा करा. कोरड्या फेब्रुवारीत सगळे चेंबर शहाण्यासारखे वागतात.

गर्दी मोजायची तर ऑफिसच्या वेळी पंधरा मिनिटं उभं राहून मोजा. समजा, मिनिटाला ६० माणसं जातात आणि मोकळी रुंदी १.२ मीटर आहे, म्हणजे दर मीटरला मिनिटाला ५०. अमेरिकेच्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलच्या जुन्या मोजपट्टीवर (ए सर्वांत चांगला, एफ सर्वांत वाईट) हा ई दर्जा झाला. तिथे स्वतःच्या चालीने चालता येत नाही. तीच माणसं तीन मीटरमध्ये असती तर दर मीटरला २०, म्हणजे बी दर्जा. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला सॅटिस या उंचावरच्या पुलाने २००९ मध्ये बसगाड्या वर नेल्या, पण खालची माणसं, रिक्षा आणि फेरीवाले यांचा हिशेब रुंदीशिवाय सुटत नाही. फेरीवाल्यांना हटवा, एवढंच म्हणून भागत नाही. २०१४ चा फेरीवाला कायदा त्यांच्या जागा ठरवायला सांगतो. जागा ठरली आणि रंगवली, तरच तिच्याबाहेरचं मोजता येतं.

आता ओलांडणं. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला तर २१ मीटरचा रस्ता साडेसतरा सेकंदांत पार होतो. वयस्कर माणसाचा वेग ०.८ धरला तर २६ सेकंद लागतात. तुमच्या सिग्नलला हिरवा माणूस किती सेकंद दिसतो, हे घड्याळ लावून तपासा, आणि दिसतो का हेही. तीस सेकंदांपेक्षा जास्त थांबावं लागलं की लोक लालमध्ये घुसू लागतात. याला शिस्तीचा अभाव म्हणणं सोपं आहे, सिग्नलचं चक्र लहान करणं उपयोगाचं. तीन हात नाक्यासारख्या मोठ्या चौकात डावीकडचं मोकळं, म्हणजे सिग्नलला न थांबता घेता येणारं वळण वेगळं नोंदवा. वळणाची कड गोलसर, म्हणून गाडी वेग न कमी करता वळते, आणि झेब्रा मागे सरकवावा लागतो.

पादचारी पूल हे याचं उत्तर मानू नका. रस्त्यावर साडेपाच मीटर मोकळी उंची सोडायची, वर तुळईची जाडी. १५० मिलिमीटरच्या साधारण चाळीस पायऱ्या चढायच्या, तितक्याच उतरायच्या. गुडघेदुखी असलेला माणूस दुभाजकातली फट शोधणारच. सर्व्हिस रोड असलेल्या महामार्गावर तर ओलांडणं एकदम होत नाही: सर्व्हिस रोड, मुख्य रस्ता, दुभाजक, पुन्हा तेच. प्रत्येक टप्प्यावर थांबायला किती जागा आहे, हे स्वतंत्र लिहा.

आणि या नोंदींच्या तक्त्यात शेवटचा एक रकाना ठेवाच: अडथळा कोणाचा. डीपी बॉक्स वीज कंपनीचा, चेंबर मलनिःसारणाचं, फांदी वृक्ष प्राधिकरणाच्या अखत्यारीत, सिग्नल वाहतूक पोलिसांकडे, स्कूटरी ज्यांच्या त्यांच्या. 'फूटपाथ खराब आहे' अशी तक्रार प्रभाग समितीत टेबलांवरून फिरत राहते. 'अमुक चौकापासून ६५ मीटरवर, डीपी बॉक्समुळे मोकळी रुंदी ४० सेंटिमीटर', सोबत टेप लावलेला फोटो आणि वेळ, असं लिहिलं की ते कोणाचं काम हे पहिल्या टेबलावरच कळतं.