खांबांवर उभी केलेली समता

(दृश्य : आकाशातून दिसणारे ब्राझिलिया)

उंचावरून पाहिले की ब्राझिलियाचा आराखडा आजही एका नजरेत कळतो. एका सरळ अक्षावर संसद, सर्वोच्च न्यायालय आणि मंत्रालयांच्या एकसारख्या इमारतींची रांग आहे. त्याला छेदून दोन्हीकडे वळत गेलेल्या तेरा-चौदा किलोमीटरच्या दुसऱ्या अक्षालगत लोकांची घरे आहेत. ब्राझीलची राजधानी किनाऱ्यावरच्या रिओ दि जानेरोहून देशाच्या अंतर्भागात नेण्याचा निर्धार राष्ट्राध्यक्ष जुसेलिनो कुबिचेक यांनी केला, १९५७ च्या स्पर्धेत लुसियो कोस्ता यांचा आराखडा निवडला गेला, प्रमुख इमारतींची रचना ऑस्कर नीमायर यांनी केली आणि २१ एप्रिल १९६० रोजी राजधानीचे उद्घाटन झाले. संसदेवरच्या दोन वाट्या, एक उपडी आणि एक उताणी, साऱ्या जगाने छायाचित्रांत पाहिल्या आहेत. माणसांनी एकमेकांशेजारी कसे राहावे, याविषयीचा या शहराचा विचार मात्र त्याच्या निवासी चौकांत दिसतो.

(दृश्य : सुपरक्वाद्रातील सकाळ)

या चौकाला येथे सुपरक्वाद्रा म्हणतात. सुमारे २८० मीटर लांबी-रुंदीचा हा चौरस, त्याच्या कडेने झाडांचा रुंद पट्टा आणि आत सहा मजल्यांहून उंच नसलेल्या निवासी इमारती. प्रत्येक इमारत खांबांवर उचललेली असल्यामुळे तिच्याखालची जमीन मोकळी राहते, आणि ती बंदिस्त करण्यास मनाई असल्यामुळे कोणालाही इमारतीखालून चालत पलीकडे जाता येते. अशा चार चौकांचे मिळून एक शेजार व्हावे, त्याच्या शाळा आणि दुकाने चालत जाण्याच्या अंतरावर असावीत, अशी योजना होती. खात्याचा वरिष्ठ अधिकारी आणि त्याच खात्याचा वाहनचालक एकाच इमारतीत राहतील, त्यांची मुले एकाच अंगणात खेळतील, हे चित्र त्या काळी मोठ्या उत्साहाने रंगवले जात असे. घराचा नमुना सारखा केला की माणसांमधले अंतरही कमी होईल, अशी ही श्रद्धा होती. आज ती भाबडी वाटली, तरी या सावलीतून चालताना तिची थोरवी नाकारता येत नाही.

इमारतीच्या मागच्या बाजूला गेल्यावर वेगळी रचना दिसते. तेथे काचेऐवजी जाळीदार विटांची भिंत आहे. तिच्या आड स्वयंपाकघर, कपडे वाळत घालण्याची जागा आणि बहुधा मोलकरणीची अरुंद खोली असते. तिच्यासाठी प्रवेशद्वार आणि उद्वाहनही निराळे असते. दर्शनी बाजूने पुसलेला भेद मागच्या दाराने घरात आला होता, आणि त्याला जागा खुद्द नकाशानेच करून दिली होती.

(दृश्य : दुकानांची रांग)

चौकांच्या मधल्या रस्त्यांवर दुकाने आहेत. मूळ रचनेत त्यांची दर्शनी बाजू चौकातील झाडांकडे होती आणि रस्त्याची बाजू केवळ माल उतरवण्यासाठी राखलेली होती. जुन्या पद्धतीचा गजबजलेला रस्ता कोस्ता यांना नको होता. परंतु पहिल्या दुकानदारांनी आणि गिऱ्हाइकांनी रस्त्याच्या बाजूचेच दार वापरायला सुरुवात केली, पाट्या तिकडे लागल्या, आणि वास्तुविशारदांनी ज्याला मागील बाजू मानले होते ती दर्शनी बाजू ठरली. या शहराने आपल्या नियोजनाला दिलेले हे सर्वांत स्पष्ट उत्तर आहे, असे आम्हाला वाटते.

(दृश्य : बांधकामाची जुनी छायाचित्रे)

हे शहर ज्यांनी बांधले त्यांना कांदांगो म्हणत. त्यांतील पुष्कळ जण ईशान्येकडच्या दुष्काळी भागांतून आलेले होते, आणि बांधकाम संपल्यावर ते परत जातील असे गृहीत धरले गेले होते. ते राहिले. मुख्य शहर पूर्ण वसल्यानंतरच उपनगरे उभारायची, हा क्रम उद्घाटनापूर्वीच मोडला आणि १९५८ मध्ये वीसेक किलोमीटरवर तागुआतिंगा वसवावे लागले. पुढे १९७१ मध्ये, लष्करी राजवटीत, अतिक्रमणे हटवण्याच्या मोहिमेत हजारो कुटुंबांना त्याहून दूर सेइलांदिया येथे नेण्यात आले. मूळ आराखडा सुमारे पाच लाख माणसांसाठी होता. २०२२ च्या जनगणनेत मुख्य शहर आणि ही उपनगरे मिळून होणाऱ्या संघीय जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाखांवर गेली असून त्यातील बहुसंख्य लोक आराखड्याबाहेर राहतात. मुख्य शहराला १९८७ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे आणि त्याची उंची व मोकळी जागा जपली जाते, त्यामुळे वाढ बाहेरच होते.

(दृश्य : मध्यवर्ती बसस्थानक, संध्याकाळ)

दोन्ही अक्ष जेथे एकमेकांना छेदतात तेथे कोस्ता यांनी बसस्थानकाचा फलाट आखला, आणि त्याच्या परिसरात नाट्यगृहे व उपाहारगृहांचे एक रसिक, जगाशी नाते सांगणारे केंद्र त्यांनी कल्पिले होते. प्रत्यक्षात ही जागा उपनगरांतून रोज कामाला येणाऱ्यांची झाली. जाळीच्या भिंतीमागे दिवसभर राबणारी माणसे संध्याकाळी येथेच बसच्या रांगेत उभी असतात. २००१ मध्ये सुरू झालेली मेट्रोही याच स्थानकापासून सेइलांदियाकडे आणि सामाम्बायाकडे जाते. निवासी अक्षाचा वेगवान मार्ग मात्र याच फलाटाखालून जातो, आणि मोटारीतून जाणाऱ्यांना येथे थांबावे लागत नाही.