सवय अंगवळणी कशी पडते

मित्रहो, एखादी चांगली सवय लावून घ्यायची म्हटली की आपण सगळी भिस्त निश्चयावर ठेवतो आणि ती मोडली की दोषही निश्चयालाच देतो. मला मात्र वाटते की, सवय लागते ती ठरावीक वेळी, ठरावीक कामाला जोडून तीच कृती वारंवार केल्याने. म्हणून जोर किती लावायचा यापेक्षा ती कृती दिवसात नेमकी कुठे बसवायची, याचा विचार आधी व्हायला हवा.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे वाक्य आपण सर्वांनीच ऐकले आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली असे नोंदवले होते की, शस्त्रक्रियेनंतर बदललेला आपला चेहरा रुग्णाच्या सरावाचा व्हायला किमान एकवीस दिवसांच्या आसपास काळ जातो. पुढे त्यातला ‘किमान’ गळाला, आणि चेहऱ्याबद्दलचे निरीक्षण सगळ्याच सवयींचा नियम बनले. याने फार नुकसान केले आहे, कारण बाविसाव्या दिवशीही कंटाळा येणारा माणूस स्वतःलाच नालायक ठरवून मोकळा होतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास या बाबतीत अधिक विश्वासार्ह आहे. त्यात ९६ जणांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एक कृती निवडून ती १२ आठवडे रोज एकाच प्रसंगी, उदाहरणार्थ न्याहारीनंतर, करायची होती. कृती आपोआप होऊ लागायला साधारणपणे ६६ दिवस (मध्यक, म्हणजे निम्म्यांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त) लागतात असे दिसले. पण कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत १२ आठवड्यांच्या नोंदींवरून बांधलेला पुढचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. पेलाभर पाणी पिण्यासारखी साधी कृती लवकर रुळते, व्यायामाला जास्त काळ लागतो. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आणखी एक निष्कर्ष: मध्ये एखादा दिवस चुकला, तर त्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. खरा घात होतो तो खाडा पडल्यावर ‘आता पुढच्या महिन्यापासून नव्याने’ असे म्हणण्याने.

समजा, रोज काही लिहायचे आहे. ‘वेळ मिळेल तेव्हा लिहीन’ हा संकल्प टिकत नाही, कारण त्याला दिवसात जागाच नेमून दिलेली नसते. ‘सकाळचा चहा झाला, कप विसळून ठेवला, की टेबलावर उघडी ठेवलेली वही पुढे ओढून पाच ओळी लिहीन’ असे ठरवले, तर विसळलेला कपच आठवण करून देतो. पाच ओळी थोड्या वाटतील, पण त्या तेवढ्याच असाव्यात. ताप असताना, पाहुणे असताना, मन उदास असतानाही लिहून होतील इतक्याच. उत्साहाच्या दिवशी दोन पाने खुशाल लिहावीत, मात्र दुसऱ्या दिवशीचे माप पुन्हा पाच ओळींचेच धरावे.

यामुळेच घर किंवा नोकरी बदलली की वर्षानुवर्षांच्या सवयीही डळमळतात, कारण त्यांना जाग आणणारे प्रसंगच नाहीसे होतात. अशा वेळी नव्या जागी सामान लावतानाच, पहिल्या दिवशी, वही कुठे ठेवायची आणि कोणत्या कामानंतर उघडायची हे ठरवून घ्यावे.